डावीकडचा तांब्या

मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्यात मी कणकेच्या परातीत बसलो, ही गोष्ट आमच्या पाहुण्यांत अजून सांगितली जाते. माझ्यादेखत सांगितली जाते आणि मीही भर घालतो, कारण सांगणाऱ्यांना तपशील नीट माहीत नसतो. तपशील असा, की मी चष्म्याचा धंदा करणारा माणूस. घनसावंगीत स्टँडजवळ दुकान, त्याच्याच मागं घर. त्या दिवशी माझ्या नाकावर माझा पहिला दुहेरी चष्मा होता, वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणारा. तो मी स्वतःच स्वतःचं माप घेऊन, स्वतःच घासून बसवला होता.

दुहेरी भिंगात खाली अर्धचंद्रासारखा एक तुकडा असतो. त्याची वरची कड खालच्या पापणीच्या रेषेत यावी लागते. हे माप दुसऱ्यानं घ्यायचं असतं, स्वतःचं स्वतः घ्यायचं नाही. हे मी शिकाऊ असताना मला चार वेळा सांगितलं गेलं होतं. पण दुकानातला आरसा भिंतीवर उंच टांगलेला आणि मी बुटका. डोळे वर करून माप घेतलं. डोळे वर गेले की पापणीही वर जाते, तुकडा चार मिलिमीटर वर बसला. चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, तांदळाचा अर्धा दाणा. पण त्या तुकड्यातून हातभर अंतरावरचं दिसतं, आणि माणसाचे पाय डोळ्यांपासून तीन-साडेतीन हात लांब असतात. पायाखालची पायरी धूसर होते आणि आहे त्याहून वर उचलल्यासारखी दिसते. ओट्यावरून उतरताना मी दिसलेल्या पायरीवर पाय ठेवला. खरी पायरी चार बोटं खाली होती, आणि तिच्यापुढे परात.

"दाजी!" विष्णू, म्हणजे माझा मेहुणा, मुलीचा बाप, मांडवाच्या त्या टोकाकडून पळत आला. "नंबर कुणी काढला हो तुमचा? दुकानाचं नाव सांगा, तिकडं कुणाला पाठवत न्हाई!"

मला उठवायला वाकताना त्याचा डावा हात बाजूला उभ्या असलेल्या बाईच्या हातातल्या ट्रेला लागला आणि पाण्यानं भरलेले दहा-बारा पेले माझ्या अंगावर आले.

"कणीक दाजींची, पाणी मेहुण्याचं," कुणीतरी ओरडलं. "आता मळा की!"

सगळा मांडव हसला. सुमन, म्हणजे माझी बायको आणि विष्णूची मोठी बहीण, माझ्या पाठीवरची कणीक झटकत म्हणाली, "दुसऱ्यांची मापं पण अशीच घेता का हो?"

मीही हसलो. हातभर अंतरावरचा, पितळी, सूर्यासारखा चमकणारा ट्रे विष्णूला दिसला कसा नाही, हे कुणाच्याच मनात आलं नाही. इतरांचं सोडा. त्या मांडवात दिसणं-न दिसणं हा ज्याच्या पोटापाण्याचा विषय होता असा माणूस एकच होता, आणि तो परातीत बसला होता.

आमचा धंदा बाहेरच्यांना वाटतो तितका अवघड नाही आणि आम्ही भासवतो तितका सोपाही नाही. मध्ये फुगीर असलेलं भिंग प्रकाश गोळा करतं, मध्ये खोलगट असलेलं पांगवतं. फुगीर म्हणजे अधिक नंबर, खोलगट म्हणजे उणा. भिंग कोणतं हे ओळखायला मला यंत्र लागत नाही. दुकानाच्या खिडकीला उभे गज आहेत. भिंग हातात धरायचं, त्यातून गज बघायचा आणि भिंग हळूच उजवीकडे सरकवायचं. गज उलटा डावीकडे पळाला तर अधिक, भिंगासोबत उजवीकडे आला तर उणा. भिंग जागच्या जागी फिरवल्यावर गज कात्रीसारखा तिरपा झाला तर त्यात नळीच्या आकाराचा नंबर आहे. म्हणजे भिंगाचा तो भाग चेंडूवरून कापल्यासारखा गोल नसून ड्रमाच्या कुशीवरून कापल्यासारखा एकाच दिशेनं वाकलेला आहे. या गजावर मी पाव नंबराचा फरक सांगतो. यंत्र घेतलं ते गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून.

भिंगाचा मध्य बाहुलीसमोर यावा लागतो, ही दुसरी गोष्ट. मध्यातून प्रकाश सरळ जातो. मध्यापासून जितकं लांब जाल तितकं भिंग वस्तूला तिच्या जागेवरून ढकलतं. म्हणून माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर आम्ही मोजतो. भिंगाचा मध्य हे आमच्या धंद्याचं देवघर. आमची सगळी अक्कल मध्याभोवती फिरते. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला मी टेबल आणि भिंगांची पेटी घेऊन जायचो. तिथं एक गृहस्थ नंबर ऐकून भडकले होते. "दीड? आमच्या चुलतभावाला अडीच हाये. त्याच्यापरीस माझं शेत जास्त हाये, अन् मला दीड?" मी म्हणालो, "मामा, नंबर कमी असणं चांगलं." ते म्हणाले, "ते तुम्ही त्याला सांगा," आणि उठून गेले.

एक गवंडी होता, त्याची आठवण मात्र निराळी आहे. त्याला मी चष्मा करून दिला, दोन्ही डोळ्यांना नळीचा नंबर, दोन वेगळ्या कोनांत. चौथ्या दिवशी तो परत आला. हातात ओळंबा. खिडकीसमोर उभा राहिला, दोरी बोटात धरली आणि लोखंडी गोळा खाली सोडला.

"साहेब, ह्यो तिरपा लोंबायलाय."

मी नेहमीचं बोललो. नवा चष्मा आहे, आठ दिवस लावा, डोळ्याला सवय होईल.

"डोळ्याला होईल हो," तो म्हणाला. "ओळंब्याला कशी होईल?"

चष्मा काढून घेतला, गजासमोर धरून फिरवला. डावं भिंग उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसलेलं. चूक माझी. दोन तासांत बदलून दिला. त्यानं पुन्हा ओळंबा सोडला, एक डोळा मिटून बघितला आणि म्हणाला, "आता बराबर." मला तो माणूस आवडला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याऐवजी त्यानं ओळंब्यावर ठेवला.

विष्णूकडे ओळंबा नव्हता. त्याच्याकडे मी होतो.

विष्णू घनसावंगी ते कुंभार पिंपळगाव जीप चालवायचा, काळी-पिवळी. वीस वर्षं. लहानपणापासून त्याला अधिक चारचा नंबर, जाड भिंगाचा चष्मा, त्यामागं डोळे मोठे आणि कायम आश्चर्य वाटल्यासारखे. दुपारच्या फेरीनंतर जेवायला आमच्याकडेच. दारू नाही, तंबाखू नाही. व्यसन एकच, बोलण्याचं. जीपमध्ये चौदा माणसं बसवून चौदाही जणांशी बोलायचा.

साखरपुड्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तो जेवण झाल्यावर दुकानात येऊन बसला.

"दाजी, डाव्या बाजूनं काय येतंय ते जल्दी कळंना गेलंय. एकदम समोर आल्यावर दिसून राह्यलंय."

मी त्याला खुर्चीत बसवलं, तक्ता वाचायला लावला. वरपासून खालपर्यंत, अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा त्यानं घडाघडा म्हटली. आणि मग मी त्याला जे समजावलं, ते इतकं बरोबर होतं की आजही त्यातली एक रेघ खोडता येणार नाही.

मी कागदावर चित्र काढलं. अधिक नंबराचं जाड भिंग काठाशी प्रकाशाला फार वाकवतं. त्यामुळे काठाला लागून एक पट्टी अशी राहते, की तिथलं ना भिंगातून दिसतं ना भिंगाबाहेरून. वस्तू त्या पट्टीत असेपर्यंत गायब, आणि पट्टी ओलांडली की एकदम समोर उभी. "तुला होतंय ते हे," मी म्हणालो. "डोळ्यात काही नाही. भिंगाच्या भूमितीत आहे."

"भूमितीत," विष्णू म्हणाला. तो शब्द त्याला आवडला. पुढं आठ दिवस तो जीपमध्ये सगळ्यांना सांगत होता, की माझा डोळा बिलकुल बराबर आहे, प्रॉब्लेम भूमितीत आहे.

उपाय पण बरोबर केला. फ्रेम मोठी दिली, म्हणजे ती पट्टी आणखी बाहेर गेली. चार महिन्यांनी तो पुन्हा आला. मग मी चपट्या घडणीचं पातळ भिंग बसवलं, काठाशी कमी वाकवणारं. पुन्हा आला. मग नाकावरचे पॅड वाकवून चष्मा डोळ्यांच्या आणखी जवळ आणला, कारण भिंग जितकं जवळ तितका आवाका मोठा. मध्येच त्याला जवळचं दिसेना म्हणून जवळचा नंबर वाढवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दर वेळी तक्ता. दर वेळी शेवटची ओळ. दर वेळी मला आतून गारवा. एवढे उपाय कुठल्या मोठ्या दुकानात एका माणसासाठी कुणी केले असते?

अधिक चारच्या भिंगाला ती पट्टी असते, पण ती बोटभर. ट्रेएवढी नसते, हेही मला माहीत होतं. माहीत असणं आणि आठवणं यात अंतर असतं.

जेवताना आमच्याकडे पाण्याचा तांब्या डाव्या हाताला ठेवतात, म्हणजे उजवा हात खरकटा असला तरी डाव्यानं उचलता येतो. विष्णूचा हात लागून तो तांब्या दोन-तीनदा कलंडला. एकदा माझ्या ताटात पाणी आलं. "जीप पण अशीच चालवतोस का रे?" मी म्हणालो. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही पायऱ्या उतरता तशी." सुमन हसली, फडकं घेऊन पुसलं आणि तांब्या उचलून त्याच्या ताटाच्या समोर ठेवला. त्यानंतर तांब्या तिथंच ठेवला जाऊ लागला. मी रोज समोर बसून जेवत होतो. बहिणीची माया, एवढंच मला त्यात दिसलं.

या वर्षी कपाशी वेचायच्या दिवसांत सकाळी नऊच्या सुमाराला विष्णूच्या जीपनं एका दूधवाल्याला उडवलं. सायकलवर दोन कॅन लावून तो डाव्या कडेनं, आपल्या बाजूनं, सरळ चालला होता. रस्ता रिकामा, ऊन स्वच्छ. मांडीचं हाड मोडलं. मी पोचलो तेव्हा रस्त्यावरचं दूध मातीत मुरलं होतं आणि माणसं विष्णूला घेरून उभी होती.

"एवढ्या उजेडात दिसला न्हाई म्हनतोय!" एक जण म्हणाला. "चष्मा काय शोभेला हाये का?"

तेव्हा मी पुढं झालो. मेहुण्याची बाजू घ्यायची, शिवाय दुकानाचं नाव. मी मोठ्यानं म्हणालो, "चष्म्याचं नाव काढू नका. मी स्वतः तपासलाय. शेवटची ओळ वाचतो तो. डोळे बराबर आहेत त्याचे."

हवालदारानं माझ्याकडे बघितलं, मग विष्णूकडे. "डोळे बराबर हायेत ना? मंग पेलेला असंल."

ज्यानं आयुष्यात कधी थेंबाला हात लावला नाही, त्या माणसाला भर रस्त्यात दारुडा ठरवायला एक साक्षीदार लागत होता, आणि तो मी पुरवला. तपासणीत काही निघालं नाही. पण तपासणीचा कागद कोण वाचतो? गावात एकच बोललं जात होतं. भर सकाळी ढोसून चालवतो, त्याच्या दाजीनंच सांगितलं डोळ्यात दोष न्हाई म्हणून.

तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला. खुर्चीत बसला नाही, दाराशीच उभा राहिला.

"दाजी, तो नव्हताच," तो म्हणाला. "आईची शपथ, तिथं कुणी नव्हतं. आधी आवाज आला. मंग तो दिसला."

मी सवयीनं त्याला तक्त्यासमोर बसवलं. शेवटची ओळ त्यानं आता न बघताही म्हटली असती. मी नंबरांची वही काढली. विष्णूच्या पानावर जवळच्या नंबराखाली तीन आकडे एकाखाली एक होते, दोन वर्षांतले. त्या वयात जवळचा नंबर वाढतो, पण तो बैलगाडीनं वाढतो. इतक्या घाईनं बदलत असेल तर चष्म्याकडे बघायचं सोडून डोळ्याकडे बघायचं असतं. हेही मला शिकवलं गेलं होतं, कदाचित शिकाऊपणाच्या त्याच दिवसांत, मापाच्या गोष्टीबरोबर. आणि मग मला माझे सासरे आठवले. शेवटची वर्षं ते भिंतीला हात लावून चालायचे. वयानं होतं, असं सगळे म्हणायचे. तेव्हा त्यांना चष्माही मीच करून दिला होता.

"उद्या जालन्याला जायचं," मी म्हणालो. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"कशाला? नंबर तर बराबर हाये ना?"

मी वही मिटून ठेवली.

जालन्याच्या डॉक्टर वयानं लहान होत्या, माझ्या मुलीएवढ्या. यंत्रं वगैरे नंतर झाली. आधी त्या विष्णूच्या समोर स्टूल घेऊन बसल्या. म्हणाल्या, "उजवा डोळा झाका आणि माझ्या नाकाकडे बघत राहा. माझी बोटं दिसली की सांगा." दोन बोटं हलवत त्यांनी हात बाजूनं हळूहळू मध्याकडे आणायला सुरुवात केली. मला वाटलं, आता सांगेल. हात अर्ध्यात आला. आता सांगेल. हात त्यांच्या कानापाशी आला, गालापाशी आला. विष्णू आज्ञाधारक मुलासारखा त्यांच्या नाकाकडे बघत होता. बोटं नाकाला टेकायला आली तेव्हा तो म्हणाला, "हां, आता दिसली."

अर्धं मिनिट लागलं असेल. यंत्र नाही, भिंग नाही, चित्र नाही. दोन बोटं. तशी दहा माझ्याकडे कायम होती.

काचबिंदू. डोळ्यातला दाब आतल्या नसेला चेपत जातो. कडेची नजर आधी जाते, दुखत नाही, खुपत नाही, आणि मधली अगदी शेवटपर्यंत राहते. म्हणून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते. तक्ता मध्यच तपासतो. डाव्या डोळ्याचं बहुतेक गेलं होतं, उजव्याचंही जायला लागलं होतं. गेलेलं परत येत नाही. थेंब रोज, आयुष्यभर, उरलेलं राखायला. गाडी चालवायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही चष्म्याचंच काम करता ना?" त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "घरी कुणाच्या काही लक्षात आलं नाही? वस्तू पाडणं, धडकणं?"

मला आमचं जेवण दिसलं, ताट आणि ताटासमोरचा तांब्या.

"सख्ख्या बहीण-भावांना तपासून घ्या," त्या म्हणाल्या. "हे घराण्यात असतं."

येताना एसटीत विष्णूला खिडकीची जागा मिळाली, डावीकडची. अंबडपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. विष्णू आणि गप्प, हे मी पहिल्यांदा बघत होतो. अंबड सुटल्यावर म्हणाला, "दाजी, मान न वळवता बसून बघितलं. खिडकीच न्हाई माझ्या बाजूला." मग थोड्या वेळानं, "काय दिसून राह्यलंय तिकडं, सांगा बरं."

मी सांगत गेलो. कपाशी. बाया वेचतायत. एक विहीर. पुन्हा कपाशी. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला मी घनसावंगी येईपर्यंत रस्ता सांगत होतो. त्यानं एकदाही मान वळवली नाही.

आता तो जीपच्या थांब्यावर उभा राहून पिंपळगावची माणसं भरतो. आवाज तोच, गाडी दुसऱ्याची. दूधवाला काठीच्या आधारानं चालतो. त्याच्या घरी आम्ही दोघं जाऊन आलो. मी सगळं सांगितलं, तक्त्यापासून बोटांपर्यंत. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजे त्यानं मारलं न्हाई, तुम्ही मारलं." विष्णू म्हणाला, "तसं न्हाई हो." मी म्हणालो, तसंच आहे. गावातली दारूची गोष्ट मात्र अजून पुसली गेलेली नाही. मी ज्याला त्याला खरं सांगत फिरतो, तर लोक म्हणतात, मेहुण्याला झाकून राह्यलाय.

चाळिशीपुढचं कुणीही गिऱ्हाईक आलं की तक्त्याच्या आधी मी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसतो आणि दोन बोटं बाजूनं आणतो. काहींना हसू येतं. येऊ दे. एका मास्तरांना आणि एका म्हाताऱ्या बाईला तसं जालन्याला पाठवलं. वेळेत पाठवलं, असं डॉक्टर म्हणाल्या. हे मी जमेच्या बाजूला लिहीत नाही. जमेची बाजूच उरलेली नाही, नुसतं सांगतो.

त्या दिवशी जालन्याहून आलो तेव्हा सूर्य मावळायला आला होता. विष्णू त्याच्या गावाला गेला. मी सुमनला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबवले नाहीत. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो.

"डॉक्टरकडे उद्या जाऊच," मी म्हणालो. "आत्ता फक्त उजवा डोळा झाक. माझ्या नाकाकडे बघ."

तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि तळवा उजव्या डोळ्यावर धरला. मी दोन बोटं हलवत माझा हात तिच्या डावीकडून, पार लांबून, आत आणायला लागलो. वीतभर आला असेल नसेल.

"दिसली," ती म्हणाली.

मी पुन्हा केलं, वरून, खालून. दिसली, दिसली. मी हात खाली घेतला. तिनं मात्र डोळ्यावरचा तळवा काढला नाही. एका डोळ्यानं माझ्याकडे बघत ती म्हणाली, "तुम्ही फ्रेमा बदलत राह्यलात अन् मी तांब्या. दोघांनी मिळून दोन वर्षं त्याला दिसतंय असं केलं."